तिकडे फुकट हातात ठेवलेली व्हेप (ई-सिगारेट) इकडे गुन्हा, आणि गेटसमोर सुटी सिगारेट जोरात. लॉजिक काय?

एक्स-फुंक्या (धागाकर्ता)

आयडी वाचून हसू नका. इंग्लंडात असताना मोठ्या तोऱ्यात घेतला होता, आता बदलायची पाळी आलीये म्हणूनच हा धागा.

मी नाशिकचा, अंबड एमआयडीसीत नोकरी. एकोणीस वर्षं सिगारेट, दिवसाला बारा-चौदा, नाइट शिफ्टला मोजायच्या नाहीत. सोडायचे सगळे प्रयोग झाले. श्रावण पाळला, बाबांच्या बायपासनंतर दोन महिने बंद ठेवली, वेलची झाली, लवंग झाली, बायकोने मुलाची शपथ घातली तीही मोडली. मग २०२४ मध्ये कंपनीने आठ महिने कव्हेंट्रीला पाठवलं. तिथे पाकिटाला चौदा-पंधरा पाउंड, म्हणजे दीड हजार रुपये, प्रत्येक झुरक्याला हिशोब आठवायचा. जीपीकडे (तिथला फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवताना फॉर्मवर स्मोकर लिहिलं तर नर्सने ना लेक्चर दिलं ना सडक्या फुफ्फुसाचा फोटो दाखवला, सरळ कौन्सिलच्या स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसचा नंबर दिला. तिथे एका यंत्रात फुंकायला लावतात, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. माझा आकडा लाल आला. मग त्या बाईने ड्रॉवर उघडून व्हेपचा किट काढला आणि माझ्या हातात ठेवला. फुकट, चार आठवड्यांच्या लिक्विडसकट. म्हणाली सिगारेट एकदम बंद, ही हवी तेवढी ओढ, थोडी ही थोडी ती असं केलंस तर काही उपयोग नाही.

मला वाटलं हे लोक येडे आहेत. पण भो, दहा दिवसांत सिगारेट सुटली ती सहा महिने हातात धरली नाही. यंत्रातला आकडा हिरवा झाला. जिना चढताना दम लागायचा तो कमी झाला हे मी स्वतः सांगतोय, कुणाच्या जाहिरातीतून नाही.

परत येताना रूममेट म्हणाला की भारतात हे आणायला बंदी आहे, उगाच विमानतळावर लफडं नको. किट तिथल्या किचनमध्ये सोडून आलो. नाशिकला उतरल्यावर एकविसाव्या दिवशी गेटसमोरच्या टपरीवर उभा. एक सुटी, लायटर दोरीला बांधलेला, हातात चहाचा कटिंग. महाराष्ट्रात सुटी सिगारेट-बिडी विकायला २०२० पासून बंदी आहे हे हा धागा टाइप करताना वाचलं. टपरीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला साहेब पाकीट घ्या मग.

तर प्रश्न असा. ज्याने माझी सुटली ते बेकायदा, ज्याने बाबांची बायपास झाली ते वीस पावलांवर. यात लोकांचं आरोग्य नेमकं कुठे बसतं, कुणी समजावेल का? शिव्या घातल्या तरी चालेल, फक्त "विलपॉवर लागते" हे वाक्य नको.

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. साधे. फ्लेवरवाले जप्त होतात म्हणे.

कलम_दौत

आधी कायदा काय आहे ते लिहितो म्हणजे पुढची भांडणं तरी नीट होतील.

१८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटवर बंदीचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तो जाहीर केला, लगेच वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. त्याआधी मे महिन्यात आयसीएमआरने श्वेतपत्रिका काढून पूर्ण बंदीची शिफारस केली होती. बनवणं, आणणं, पाठवणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. निकोटिन असो नसो, फ्लेवर असो नसो, ई-हुक्का असो की तंबाखू न जाळता नुसती गरम करणारी यंत्रं असोत, सगळं एकाच पिशवीत.

गंमत म्हणजे ओढणं हा गुन्हा म्हणून कायद्यात लिहिलेलाच नाही. पण २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केलं की जवळ बाळगणंही कायद्याच्या विरोधात. म्हणजे ओढायला हरकत नाही, फक्त हातात असता कामा नये. कशी ओढायची ते योगसाधनेवाल्यांना विचारा.

अजून एक बारकी फट. औषध म्हणून परवाना मिळालेली वस्तू या व्याख्येतून वगळलीये. म्हणजे उद्या कुणी औषध कायद्याखाली व्हेप आणली तर दार बंद नाही. आजवर तशी कुणी आणलेली दिसत नाही ही गोष्ट वेगळी.

फळा_पुसणारी

धागाकर्ते तुमच्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण मी ठाण्यात नववी-दहावीला शिकवते आणि माझ्या वर्गातून बघितलं तर चित्र दुसरंच आहे.

मागच्या वर्षी मुलांच्या बाथरूममधून कलिंगडाचा वास येतो म्हणून शिपाईमामा तक्रार घेऊन आले. आम्हाला वाटलं कुणीतरी च्युइंगम टाकतंय. दोन महिने आम्ही च्युइंगम शोधत होतो! शेवटी एका मुलाच्या कंपासपेटीत सापडलं, हायलायटर समजून मीच ते टेबलावर ठेवलं होतं. इन्स्टावर मेसेज केला की घरपोच येतं हे मला त्या पोरानेच सांगितलं, वर "मॅडम तुम्हाला नको ना" असं विचारलं. आईवडिलांना बोलावलं तर वडील काय म्हणाले माहितीये? "मॅडम सिगारेट तर नाही ना ओढत, हे कमी हानिकारक असतं, मी वाचलंय." आता बोला. तुमच्यासारख्या एकोणीस वर्षं ओढणाऱ्यासाठी जे खरं ते चौदा वर्षांच्या पोराच्या बापाने स्वतःच्या समाधानासाठी उचललं. त्या पोराने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती, त्याला कशापेक्षा कमी हानिकारक?

बंदी असताना ही परिस्थिती, दुकानात काचेमागे रंगीबेरंगी मांडून ठेवलं तर काय होईल याची मला कल्पनाही करवत नाही.

लँकेशायरी

मी मँचेस्टरला सतरा वर्षं आहे, काचेमागे रंगीबेरंगी मांडल्यावर काय होतं ते रोज बघतो, तेव्हा ताईंचं म्हणणं हसण्यावारी नेणार नाही. हाय स्ट्रीटवर चार दुकानं सोडून पाचवं व्हेपचं. डिस्पोजेबल आल्यावर शाळांमधून तोच वैताग होता जो तुम्ही लिहिलाय, फूटपाथवर लिथियम बॅटऱ्या पडलेल्या, कचऱ्याच्या गाड्यांना आगी. शेवटी १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेप विकायला इथे बंदी आली.

पण फरक बघा. बंदी एका प्रकारावर आली, सगळ्यावर नाही. बाकीच्याला नियम आहेत: लिक्विडमध्ये निकोटिन एका मिलीला वीस मिलिग्रॅमच्या वर नाही, टाकी दोन मिलीची, बाटली दहा मिलीची, अठराच्या खालच्याला विकायची नाही, आणि बाजारात आणण्याआधी आत काय घातलंय ते सरकारला कळवायचं. पाळतात का सगळे? नाही पाळत. कोपऱ्यावरची दुकानं बेकायदा मोठ्या टाकीवाल्या विकतातच. पण कुठली कायदेशीर आणि कुठली नाही हे निदान ठरवता येतं.

आणि दुसरा आकडा पण पाहा, ब्रिटनमध्ये सिगारेट ओढणारे प्रौढ २०११ मध्ये २०.२ टक्के होते ते २०२३ मध्ये ११.९ टक्क्यांवर आले. सगळं श्रेय व्हेपचं असं मी म्हणणार नाही, पाकीट पंधरा पाउंडांचं झालं हेही आहे, साधं शेवाळी रंगाचं पाकीट, काउंटरमागे झाकून ठेवणं हेही आहे. पण व्हेपचा वाटा नाही म्हणणाराही इथे फारसा भेटत नाही.

धागाकर्त्यांना मिळाला तो किट "स्वॅप टू स्टॉप" योजनेतला असणार. दहा लाख ओढणाऱ्यांना किट द्यायचे असं २०२३ मध्ये जाहीर केलं होतं.

निसर्गमित्र७१

अमेरिकेत २०१९ साली व्हेपने पटापट पोरं मेली ते विसरलात का सगळे? फुफ्फुसं भाजून निघाली होती. आणि तुम्ही याला औषध म्हणताय. धन्य आहे.

लँकेशायरी

विसरलो नाही. २,८०७ जण हॉस्पिटलात गेले आणि ६८ मेले, फेब्रुवारी २०२० पर्यंतचा तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा हिशोब. पण कारण काय निघालं? बहुतेकांनी गांजाच्या अर्काची काळ्या बाजारातली काडतुसं ओढली होती आणि त्यात घट्टपणा यावा म्हणून व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं होतं. खायला चालतं, फुफ्फुसात गेलं की घात. इंग्लंडात नियमाच्या लिक्विडमध्ये ते घालायला बंदीच आहे आणि अशी साथ इथे आली नाही. तुमचंच उदाहरण उलटं वाचा: आत काय आहे हे कुणी तपासत नव्हतं म्हणून माणसं मेली. ठाण्यातल्या त्या हायलायटरमध्ये काय आहे ते आज कोण तपासतंय?

फळा_पुसणारी

हा मुद्दा मला लागला. खरंच कोणी नाही तपासत. आम्ही तो फेकून दिला.

दाढदुखी

सांगलीत दातांचा दवाखाना, बावीस वर्षं तोंडात डोकावतेय. "९५ टक्के कमी हानिकारक" हा आकडा अजून कुणी टाकला नाही याचं आश्चर्य वाटतंय, येण्याआधीच बोलते. तो २०१५ ला पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी संस्थेने जगभर नेला पण मुळात बारा तज्ज्ञ एकत्र बसून त्यांनी लावलेला अंदाज होता, प्रयोगशाळेत मोजलेला नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच त्यावर टीका केली होती. त्यामुळे ९५ ला चिकटू नका. पण दिशा चुकीची आहे असंही मी म्हणणार नाही, कारण सिगारेट जळते तेव्हा टोकाला ९०० अंशांच्या आसपास तापमान जातं आणि जळण्यातून टार, कार्बन मोनॉक्साइड, सत्तरएक कॅन्सर करणारी द्रव्यं येतात. व्हेपमध्ये काही जळत नाही. मायकल रसेल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९७६ मध्येच लिहून ठेवलंय की लोक ओढतात निकोटिनसाठी आणि मरतात टारने. म्हणून निकोटिन साळसूद आहे असं नाही हां, वाढत्या वयाच्या मेंदूला ते वाईटच आणि सवय तर अशी लागते की विचारू नका. फळा_पुसणारी ताईंच्या पोराची काळजी खरी आहे.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुम्ही सगळे धुराबद्दल भांडताय आणि बसलाय महाराष्ट्रात. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ किती? ३.८ टक्के. आणि तंबाखू तोंडात धरणारे? २४.४ टक्के. बायकांमध्ये १६.६! त्या काय सिगारेट नाही ओढत, मिश्री लावतात, सकाळी चुलीपाशी बसून, पोटुशी असतानासुद्धा. माझ्याकडे तिशीतली पोरं येतात ज्यांच्या तोंडात तीन बोटं जात नाहीत, एक कशीबशी जाते, वडापाव चावता येत नाही म्हणून आले म्हणतात. त्यांना व्हेप कायदेशीर करून काय देणार?

भटक्या_इस्लामपूरकर

पण मॅडम मग स्वीडनचं काय? तिकडे तोंडात धरायचा स्नूस वापरतात आणि युरोपात सगळ्यात कमी सिगारेट ओढणाऱ्यांत त्यांचा नंबर लागतो. आपला तंबाखू-चुना म्हणजे गावठी स्नूसच की, आपण शंभर वर्षं हार्म रिडक्शन (सोडता येत नाही तर निदान नुकसान कमी) करतोय फक्त नाव नव्हतं :-)

दाढदुखी

हलकं घ्यायचं चिन्ह टाकलंय म्हणून सोडलं, नाहीतर ड्रिल काढला असता.

स्नूसचा तंबाखू उष्णता देऊन तयार करतात, आंबवत नाहीत, दुकानात फ्रिजमध्ये ठेवतात, त्यामुळे नायट्रोसअमाइन नावाची कॅन्सरवाली द्रव्यं कमी राहतात. आपला तंबाखू आंबतो, गोदामात पडतो, त्यावर चुना, आणि गुटखा-मावा असेल तर सुपारी. सुपारी एकटी, तंबाखूशिवाय, कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलंय. तोंड आखडतं ते सुपारीने. स्नूसची आणि माव्याची तुलना म्हणजे दोन्ही तोंडात जातात एवढंच साम्य, तसं तर थर्मामीटर पण जातो.

आणि बंदीचं म्हणाल तर गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. दरवर्षी नव्याने आदेश निघतो. दवाखान्याच्या पायरीवर पुड्या मी रोज झाडते.

चादरवाला

सोलापूरचा. धागा वाचून राहवंना म्हणून लिहालोय.

माझी आई चाळीस वर्षं बिड्या वळली. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हजार बिड्या झाल्या की कारखान्यात द्यायच्या, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. आख्ख्या गल्लीत बाया हेच करायच्या. आमचं घर गोदूताई परुळेकर वसाहतीतलं, बिडी कामगारांसाठीच बांधलेली. तर मला हार्म बिर्म जवळून माहीत आहे, तंबाखूच्या धुळीनं आईला रात्रभर खोकला.

आता तुम्ही म्हणताय सिगारेट सोडून व्हेप. देशात सिगारेट ओढणारे ४ टक्के आणि बिडी ओढणारे ७.७ टक्के, त्याच पाहणीत आहे, मॅडमनी महाराष्ट्राचं दिलं मी देशाचं देतो. बिडीवाला म्हणजे कोण, हमाल, ऊसतोड, रिक्षावाला, बांधकामावरचा. तो यंत्र घेणार, चार्ज करणार, कॉइल बदलणार, लिक्विड मागवणार? अन् बिडी काय सिगारेटपेक्षा सौम्य नाही बरं का, उलट ती विझू नये म्हणून जोरात अन् वरचेवर ओढाय लागते. तिच्यावर जीएसटी आला तेव्हा सिगारेटला सेस लावला अन् बिडीला नाही लावला. का तर मतं. अन् आमच्या आयांच्या नावाखाली. आईला त्यातलं काय मिळालं ते मला विचारा.

ही सगळी चर्चा इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसांची आहे असं वाटाय लागलंय. रागावू नका.

एक्स-फुंक्या

नाही रागावलो दादा. बोचलं पण खरं आहे. मी फक्त माझ्या चार टक्क्यांतून बघत होतो.

शेअरबाजारी_काका

सगळे एवढं शहाणं बोलताय आणि मूळ मुद्द्यावर कुणीच नाही. ज्या दिवशी बंदी जाहीर झाली त्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वर गेले, स्क्रीनवर बघत होतो मी. आयटीसीमध्ये एलआयसीचा हिस्सा पंधरा टक्क्यांच्या आसपास. दुकान घरचंच, दुसऱ्या दुकानदाराला गल्लीत येऊ दिलं नाही. संपला विषय.

कलम_दौत

काका अर्धं खरं. शेअर वर गेले ते खरं, एलआयसी खरं. पण बंदी त्याचसाठी आणली असं म्हणायला पुरावा लागेल, तो तुमच्याकडे नाही माझ्याकडेही नाही. आयसीएमआरचे आणि कॅन्सर हॉस्पिटलांतले डॉक्टर मनापासून बंदीच्या बाजूचे होते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या बंदीसाठी तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांचा गौरवही केला. त्यांचं म्हणणं असं होतं की आपल्याकडे आधीच सव्वीस-सत्तावीस कोटी तंबाखूवाले आहेत, त्यांनाच मदत पुरत नाही, त्यात नवीन गिऱ्हाईक तयार करणारी वस्तू कशाला घरात घ्या. हा युक्तिवाद खोडता येतो पण लबाडीचा नाही. आणि दुसऱ्या बाजूला व्हेप कंपन्या काय साधुसंत होत्या का? ज्या मोठ्या सिगारेट कंपन्यांनी पन्नास वर्षं खोटं सांगितलं त्यांनीच नंतर व्हेपमध्ये पैसे घातले.

उलटा_नकाशा

मेलबर्नहून. आमच्याकडे मधला मार्ग काढून बघितला, त्याची कथा सांगते, कारण नुसतं नियमन म्हटलं की सगळं सुटतं असं इथे वाटतंय.

ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून निकोटिनची व्हेप डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. मग लक्षात आलं चिठ्ठी फारसं कुणी घेत नाही, सगळे दुकानाच्या मागच्या दाराने घेतात. जानेवारी २०२४ पासून डिस्पोजेबल आणायला बंदी, जुलैपासून विक्री फक्त फार्मसीत, ऑक्टोबरपासून प्रौढांना फार्मासिस्टशी बोलून चिठ्ठीशिवाय, ठरावीक ताकदीपर्यंतच. ऐकायला किती छान! पण बऱ्याच फार्मसीवाल्यांनी ठेवायलाच नकार दिला, आम्ही काय व्हेपचं दुकान आहोत का म्हणे. आणि सिगारेटवर कर एवढा की पाकीट चाळीस डॉलरच्या वर, त्यामुळे चोरटी सिगारेट आणि चोरटी व्हेप एकाच दुकानात. हे दुकान कुणाचं यावरून टोळ्यांची मारामारी, २०२३ पासून आमच्या राज्यात शंभराहून जास्त वेळा दुकानांना आगी लावल्या गेल्यात. माझ्या घराजवळचं तंबाखूचं दुकान जळालं, त्याच्या शेजारी आमचा इडलीवाला होता, त्याचंही शटर काळं.

तर नियम करून पाळता आले नाहीत तर तेही बंदीसारखंच होतं, फक्त फॉर्म जास्त भरावे लागतात.

चहाटळ

म्हणजे बंदी चालत नाही, नियमन चालत नाही, मोकळं सोडलं तर पोरं ओढतात. तिघांनाही शंभरपैकी पस्तीस, वरच्या वर्गात ढकला.

लँकेशायरी

चहाटळराव, तिघांना सारखे मार्क देऊ नका. एक अभ्यास २०१९ चा आहे, पीटर हाजेक आणि मंडळींचा, इंग्लंडच्या याच सोडवायच्या केंद्रांवर केलेला. ८८६ माणसं, अर्ध्यांना व्हेप, अर्ध्यांना गम-पट्ट्या वगैरे, दोघांनाही समुपदेशन सारखं. वर्षानंतर सिगारेट सुटलेली: व्हेपवाले १८ टक्के, गम-पट्टीवाले ९.९. जवळजवळ दुप्पट. त्यानंतर असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेनेही तेच म्हटलंय.

दाढदुखी

पुढची ओळ पण सांगा की. ज्यांची सुटली त्यातले व्हेपवाले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, गमवाल्यांत फक्त ९ टक्के गम वापरत होते. आणि १८ टक्के म्हणजे शंभरातल्या ८२ जणांची सुटली नाहीच. मी विरोधात नाही, पण आकडा अर्धा कापून वाढू नका.

एक्स-फुंक्या, तुमची तिथे सुटली त्यात यंत्राचं श्रेय किती आणि दर आठवड्याला फुंकून घेणाऱ्या त्या बाईचं किती, याचा कधी विचार केलात का? आपल्याकडे यंत्रावर बंदी घातली ते आपण बोलतोय. पण ती बाई कुठेय? तिच्यावर कुणी बंदी घातली नव्हती.

एक्स-फुंक्या

हे वाचून दोन दिवस गप्प होतो. खरंय. दर गुरुवारी चार वाजता जायचो. ती आकडा वहीत लिहायची आणि मी शाळेतल्यासारखा मान ताठ करून बसायचो. सुरुवातीच्या एका आठवड्यात एक ओढली होती तर गुरुवारी जायला पाय निघेना. सांगितलं तर म्हणाली बरं, पुढचा आठवडा.

तरीही एक म्हणेन, नुसती बाई असती आणि हातात काही नसतं तर दुसऱ्याच आठवड्यात गेलो नसतो. श्रावणात देव होता की, हातात काही नव्हतं.

मध्ये एक काम केलं, सरकारी क्विटलाइन आहे १८००-११-२३५६, तिला फोन केला. हिंदीत बोलले, सोडायची तारीख ठरवायला लावली, परत स्वतःहून फोन पण आला, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. मग मेडिकलमधून निकोटिन गम आणला, दोन मिलिग्रॅमचा. चार दिवस खाल्ला, उचक्या आणि जळजळ, डोकं भणभणलं, आणि तलफ जशीच्या तशी. पाचव्या दिवशी टपरीवर. हे मिळतं कायदेशीर, आणि हे असं.

दाढदुखी

थांबा थांबा. कसा खाल्लात?

एक्स-फुंक्या

म्हणजे? च्युइंगमसारखा. चावला.

दाढदुखी

वाटलंच. मेडिकलवाल्याने सांगितलं नाही आणि पाकिटावरचं कुणी वाचत नाही. तो चावत राहायचा नसतो! हळू चावा, तोंडात तिखट चुणचुण आली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, पुन्हा ठेवा, असं अर्धा तास. निकोटिन गालातून शोषलं गेलं पाहिजे. तुम्ही भराभर चावून गिळलंत, ते पोटात गेलं, म्हणून उचक्या आणि जळजळ, आणि डोक्यापर्यंत काही पोचलंच नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-सरबत नको आणि तोंडात असताना तर नकोच, आंबटपणाने शोषण कमी होतं. तुम्ही टपरीवर कटिंग घेत घेत खाल्ला असेल तर आनंदच.

आणि सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात?

एक्स-फुंक्या

चहाच्या आधी. दहा मिनिटं.

कटिंगचं कसं ओळखलंत?

दाढदुखी

अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला चार मिलिग्रॅमचा लागतो, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते, ती घ्या. सोबत पट्टी लावता येते, पट्टी दिवसभर थोडं थोडं देते आणि गम तलफेच्या वेळी. गोळ्याही आहेत, ते तुमच्या डॉक्टरशी बोला, बाबांचं हार्टचं आहे म्हणताय तर तुमचाही ईसीजी करून घ्या आधी. व्हेप कायदेशीर होईल तेव्हा होईल, तोवर एकोणीस वर्षांची विसावी करू नका.

फळा_पुसणारी

मॅडम, त्या पोराचं काय करू? सिगारेट नाही, फक्त ती व्हेप, पण आता नाही मिळाली की वर्गात चिडचिड करतो, वडील म्हणतात वय आहे. त्याला पण गम?

दाढदुखी

चौदा वर्षांच्या मुलाला तुम्ही-आम्ही परस्पर गम द्यायचा नाही. बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मुलांच्या मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवा, वडिलांना सोबत न्यायला सांगा. आणि पोलिसांची भीती घालू नका हो, नाहीतर पुढच्या वेळी हायलायटर कंपासपेटीत ठेवणार नाही, आणखी कुठेतरी ठेवेल. तो तुमच्याशी बोलतोय हीच मोठी गोष्ट आहे.

चादरवाला

माझा एक प्रश्न राहिला. आई आता बिड्या वळत नाही, डोळे गेले. पण मिश्री सुटंना, दिवसाला पाच-सहा वेळा, त्याशिवाय संडासला होत नाही म्हणते. वय ६८. तो गम मिश्रीला चालतो का? दात चारच आहेत.

दाढदुखी

दात चार असतील तर गम नको, निकोटिनची लोझेंज म्हणजे गोळी मिळते, ती तोंडात हळूहळू विरघळते, दातांचं काम नाही. पण त्याआधी एक करा. खिडकीपाशी उजेडात बसवा, मोठा आ करायला सांगा, गालाच्या आत आणि जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, काही खरखरीत लागतंय का ते बघा. मिश्री नेहमी लावतात ती बाजू आधी. आणि तिखट खाल्लं की झोंबतं का ते विचारा, त्या स्वतःहून सांगणार नाहीत.

चादरवाला

झोंबतंय म्हणते. दोन महिन्यांपासून भाकरी दुधात बुडवून खाते, आम्हाला वाटलं दात नाहीत म्हणून.

दाढदुखी

उद्याच सिव्हिलला दाताच्या ओपीडीला न्या. सोमवारपर्यंत थांबू नका. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, काय म्हणाले ते कळवा.